रिबकाकाकूंच्या कौलांवरचा धूर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला. रंग काय करतो आणि काय करत नाही, हे मला पक्कं कळतं.

रेवदंड्यातल्या आमच्या इस्रायल आळीचं, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीचं, मी एक ऑइल पेंटिंग केलं होतं. जवळून नुसते फटकारे, जरा मागे सरकलं की उन्हातली कौलारू घरं. बहुतेक घरांना कुलपं... माणसं केव्हाच इस्रायलला गेलेली. उरल्या होत्या रिबकाकाकू. त्यांना पांढऱ्या साडीत ओट्यावर बसवलं, आणि आळी ओसाड वाटू नये म्हणून त्यांच्या कौलांवर धुराचा एक निळसर फटकारा दिला.

काकू आधी हसल्या. "पांढरी साडी, म्हणजे शनवार. आणि शनवारी माझी चूल पेटलेली? आई असती तर उलथनं फेकून मारलं असतं." शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी पांढरं नेसायचं, विस्तव पेटवायचा नाही. मग गंभीर झाल्या. "आम्ही सगळेच जाणार रे वसंता. मागे हे चित्रच राहील. त्यात तरी आमचा शनवार मोडू नको."

मी हो म्हणालो. पण धुराशिवाय चित्र मरत होतं — ठेवला तसाच. काकू लवकरच लेकीकडे इस्रायलला गेल्या.

एका शनिवारी सकाळी बायकोने विचारलं, धूर पुसलात का? बघतो तर कौलांवर नुसतं आकाश. रंग कोरडा, खरवडल्याची खूण नाही. रविवारी धूर जागेवर! पुढच्या शनिवारी पुन्हा नाही... मोबाइलवर फोटो काढले, त्यांतही तेच. अलिबागच्या एका चित्रकार मित्राला दोन्ही दिवशी बोलावलं. रविवारी तो चहा न घेताच गेला.

अशाच एका रविवारी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. "धूर काढलास ना रे?"

चित्र माझ्या मागेच होतं. मी फोन दुसरीकडे वळवला. "काढला, काकू."

"सुखी राहा."

चित्र आजही तसंच वागतं. का, ते मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगेल असंही वाटत नाही. काकू वारल्या तेव्हा त्यांची लेक फोनवर म्हणाली, "आई सगळ्यांना सांगायची, वसंताने आपला शनवार राखला." तिलाही मी खरं सांगितलं नाही.

काकू, तो मी राखला नाही. मला माफ करा.