गल्लीचे ग्रह आणि आमची गाय

अमरावतीच्या आमच्या गल्लीत गाय एकच, आमची. बाकीच्यांच्या गोठ्यांत आता मोटारसायकली उभ्या असतात. पुण्य लागलं की मंडळी आमच्या दारी येतात.

वासरू होती तेव्हापासून तिला मी वाढवलं. दुसऱ्यांदा व्याली आणि खंगत गेली. शेण पाण्यासारखं, दूध आटलेलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी अकोल्याहून जनावरांच्या आहारातल्या तज्ज्ञ मॅडम बोलावल्या. गाईनं काय खावं हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं, यावर गल्ली आठवडाभर हसली.

मॅडमनी तुरीचं कुटार, हिरवा चारा, सरकीची ढेप, सगळं वजनावर ठरवून दिलं. मी काटा घेऊन चारत होते, तरी गाय वाळतच गेली. मॅडम पुन्हा आल्या.

"आणखी कोण चारतं हिला?"

"कोनीच नाई," सासूबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत.

मॅडम गोठ्यात खुर्ची टाकून बसल्या. गुरुवार होता. आधी सासूबाईच पहिली पोळी घेऊन आल्या. मग शेजारीण; तिच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, म्हणून गुरूसाठी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ. समोरचे वकील शनीचं काहीतरी दोन दिवस आधीच घेऊन आले. वर कुणाच्या तरी तेरवीचा उरलेला भात, बादलीभर. साऱ्या गल्लीच्या कुंडल्या आमच्या गाईच्या पोटात आंबत होत्या.

"आजी, हे काय?" मॅडमनी विचारलं.

"हा चारा थोडीच हाये? घास हाये. घासानं कोनाचं पोट बिघडते का?"

असंच चाललं तर एक दिवस ही बसेल ती उठणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मी दारावर पाटी लावली, 'गाईला काही चारू नये'. पाटीवर गाईचं चित्र होतं, म्हणून लोकांनी आधी पाटीला कुंकू लावलं आणि मग गाईला चारलं. मी अडवलं तर वकील म्हणाले, "गाईच्या तोंडचा घास काढता, वयनी?"

शेवटी तिला भातकुलीला भावाच्या शेतावर धाडली. टेम्पोत चढवताना मी हमसून रडले, सासूबाईही रडल्या. गल्लीही हळहळली, "आता आमच्या गुरुवारचं काय?" गाईचं काय, हे एकानंही विचारलं नाही. मला संताप आला.

महिन्यानं भावाचा फोन आला. मॅडमनी ठरवून दिलेलंच चालू होतं. शेण घट्ट झालं होतं, दूध वाढलं होतं. शेणाच्या बातमीनं डोळे भरून येतात, हे मला तेव्हा कळलं. लगेच भेटायला निघाले. दारात सासूबाईंनी हातात पुडकं दिलं.

"एकच पोळी हाये. तिले दे. तुह्या मॅडमले सांगू नको."

नाही म्हणवेना. भातकुलीच्या बसमध्ये मीच ती पोळी खाल्ली. तूप चांगलं सढळ होतं.

संध्याकाळी परतले, तर सासूबाई दारातच उभ्या. "कशी हाये वं?"

"धष्टपुष्ट झाली."

"पोळी खाल्ली का तिनं?"

"खाल्ली."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मंग! म्या सांगतलंच होतं. घासानंच सुधरली ते."