अर्ध्या गोळीचा सल्ला

औषधं स्वस्तात कुठून आणायची हे विचारायचं तर वर्नाला, असं अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या युमा गावातल्या त्या ट्रेलर-वसाहतीत कित्येक हिवाळे ठरूनच गेलं होतं. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळून इथे उन्हाला येणारी सगळी पिकली पानं. प्रत्येकाला काही ना काही दुखणं, आणि औषधांच्या किमती अशा की आजार परवडला. दर मंगळवारी वर्ना आपल्या जुन्या गाडीत बायकांना भरून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत न्यायची. गाडी अलीकडे लावायची आणि पायी पलीकडे, अल्गोदोनेस गावच्या औषधदुकानांत. कुठला दुकानदार खरं सांगतो, कुठला नुसता गोड बोलतो, सगळं तिला पाठ. मार्लिस तर तिची सावलीच.

यंदा जोनेल आली. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली, लाल चष्म्याची, हातात फोन.

"मेक्सिकोला कशाला पायपीट?" शुक्रवारी वसाहतीच्या हॉलमध्ये पत्ते पिसता पिसता ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या औषधदुकानात फोनवरचं हे कूपन दाखवा. बघा किंमत कशी उतरते!"

आणि उतरली हो! वर्नाची गाडी आठवड्याआठवड्याला रिकामी होत गेली. शेवटी मार्लिसही म्हणाली, "त्या रांगेत उभं राहून पाय भरून येतात गं. आणि जोनेल किती छान समजावून सांगते!"

ते 'छान' वर्नाला काट्यासारखं सललं. मंगळवारी ती एकटीच गेली. पलीकडच्या तिच्या नेहमीच्या दुकानातल्या इबारांनी विचारलं, "आज मैत्रीण नाही?"

"तिला नवी मिळाली," वर्ना म्हणाली आणि नको असलेलं खोकल्याचं औषधही घेऊन आली.

एका दुपारी ती मार्लिसकडे कॉफीला गेली, तर मार्लिस ओट्याशी गोळ्या कापत होती.

"जोनेलची युक्ती! डॉक्टरकडून दुप्पट ताकदीची लिहून घ्यायची आणि अर्धी अर्धी करायची. एक डबी दुप्पट दिवस पुरते."

"आणि अशी ओटा धरून का उभी? चक्कर येते का?"

"थोडी. उठताना. वय झालं की आता."

वर्नाने डबी हातात घेतली. रक्तदाबाची, पोटात हळूहळू विरघळणारी गोळी. तिच्याकडे अशीच गोळी होती तेव्हा इबारांनी बजावलं होतं, ही अख्खीच गिळायची. कापली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

वर्नाला आधी वाटला तो आनंद. चांगलाच गोड आनंद. शुक्रवारी पत्त्यांच्या वेळी सगळ्यांसमोर हे सांगायचं आणि लाल चष्म्यामागचे डोळे बघायचे, एवढंच मनात घोळवत ती कॉफी संपवून, काही न बोलता निघाली.

फाटकातून तिने सहज मागे पाहिलं. हात हलवायला बाहेर आलेली मार्लिस कठडा धरून पायरीवर मटकन बसली होती.

वर्ना धावतच मागे फिरली. "ती गोळी कापू नकोस! ती कापायची नसते."

मार्लिसने डोळे मिटून घेतले. "तू जळतेस तिच्यावर."

"जळते! पायाच्या नखापासून जळते. तू अशी बसलेली दिसली नसतीस तर सगळ्यांसमोर सांगायला शुक्रवारपर्यंत गप्पही बसले असते मी. माझं ऐकूच नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन कर."

मार्लिसने फोन केला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "उरलेले तुकडे घ्यायचे नाहीत म्हणाला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरला कळवा म्हणाला." मग हळूच म्हणाली, "शुक्रवारपर्यंत, वर्ना?"

डॉक्टरांना फोन लागून बोलणं होईपर्यंत वर्ना मार्लिसचा हात धरून बसली. मार्लिसने तो काढून घेतला नाही.

शुक्रवारी जोनेल पत्त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. "मैत्रिणींनो, गोळी कापण्याआधी दुकानात विचारा. मी विचारलं नाही, आणि मार्लिसला त्रास झाला." बायकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करूनही टाळ्या! वर्नाचा जीव नुसता जळला.

"कापू नकोस हे मला वर्नाने सांगितलं," मार्लिस मोठ्याने म्हणाली.

"हो का? मग मलाही ने की मंगळवारी, वर्ना," जोनेल खुलून म्हणाली. "बघू दे तुझी दुकानं."

वर्नाने हातातले पत्ते नीट लावून घेतले.

"ये. पण मागे बसावं लागेल. पुढे मार्लिस बसते."