न लवंडणारं माप

माझ्या सासऱ्यांना लाकूड पोखरायचा नाद होता. नाद कसला, भूतच ते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात जन्मभर लोखंड तासलं, रिटायर झाले आणि कोपरगावच्या घरामागं पत्र्याखाली लाकूड फिरवून कातायची स्वतःची लेथ उभी केली. मोटर जुन्या पिठाच्या गिरणीची. हत्यारं बाजारात मिळत नव्हती असं नाही, पण विकतचं हत्यार म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. ट्रकचा मोडका पाटा तापवायचा, ठोकायचा, टोक वाकवायचं, की झाली आकडी. फिरत्या ओंडक्याच्या तोंडातून ती आत घालायची आणि कोरत बसायचं. "लोखंड माझं ऐकतं, तिथं लाकडाची काय बिशाद!" हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं, ते वेगळंच.

लाकडाची बिशाद होती. आत गेलेलं टोक दिसत नाही आणि सासरे कोरत सुटायचे. पहिल्या दोन भांड्यांची बुडं आरपार गेली. त्यातलं एक सासूबाईंनी माठाखाली ठेवायला घेतलं.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून नवी सून घरात येते. घरात चांगलं पितळी माप होतं. पण सासऱ्यांनी जाहीर केलं, "सून माझ्या हातचं माप लवंडून येईल." वाळलेली बाभळ घेतली, आणि आता बूड फुटायला नको म्हणून ते चांगलं चार बोटं जाड ठेवलं. कुणाला काही बोलले नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं.

मी अकोल्याची. जीपनं अंग खिळखिळं झालेलं, दारात उभी राहिले तर पुढं ते माप. खाली घेरदार, तेल पाजून चकचकीत केलेलं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? सगळी भावकी बघत होती. मी उजव्या पायानं हळूच ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. एक दाणा सांडेल तर शपथ.

"अगं बया!" सासऱ्यांची बहीण म्हणाली. "लक्ष्मी आत यायलाच तयार न्हाई. कसला हा पायगुण!"

झालं! हा शब्द सुनेला एकदा चिकटला की म्हैस आटली तरी तिच्याच नावावर. मी सासऱ्यांकडं बघितलं. त्या माणसाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललेही.

"पोरीच्या पायात जोर न्हाई."

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि घातली लाथ. माप डुगडुगलं, परत बसलं, माझा अंगठा मात्र ठेचला. "आई गं!" मी ओरडले. सासरे धावत आले, ते मापाकडं. खाली बसून त्यांनी कडेवरनं बोट फिरवलं आणि खुशीत म्हणाले, "तडा न्हाई गेला!"

सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट त्यांनी माझ्या ठोंब्यासारख्या उभ्या नवऱ्याच्या हातात कोंबलं आणि मापात हात घातला. हात निम्म्यातच बुडाला टेकला. त्यांनी बाहेरून बूड चाचपलं, मग नणंदेकडं वळल्या.

"वन्सं, तुमचा पायगुण लई चांगला. या, लवंडा बरं."

"मी कशाला?"

"या की!"

सगळ्यांदेखत आत्याबाईंना पाय लावावा लागला. माप ढिम्म. कुणीतरी फिसकन हसलं.

"आता बोला," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सुनेचा पायगुण का तुमची कारागिरी?"

सासरे मापाकडं बघत पुटपुटले, "बूड जरा जाड ऱ्हायलंय."

जरा म्हणे! सासूबाईंनी दोन्ही हातांनी माप उचललं आणि उपडं केलं. तांदूळ माझ्या पावलांवर सांडले.

"ये गं बाई आत," त्या म्हणाल्या. "लई लागलं का?"

इतका वेळ दात आवळून उभी होते. आता मात्र उंबरठ्यातच मोठ्यानं रडले.