आठ सिलिंडरना नको म्हणालो, त्याची गोष्ट

जपानी छोटी गाडी चांगली की अमेरिकन दांडगी, हे मला आजही सांगता येणार नाही. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, नागपूरच्या कॉलेजातून फर्स्ट क्लासात पास झालोय, तरीही नाही. या विषयात ज्याचं शेवटचं ऐकावं त्याचंच मला खरं वाटतं. २००४ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला राहत होतो, तेव्हा तर दर शनिवारी सकाळी माझं मत दोनदा बदलायचं, एकदा कॉफीच्या आधी आणि एकदा कॉफीनंतर.

आमच्या अपार्टमेंटजवळ एक डोनटचं दुकान होतं. त्याच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी गाड्यांचे शौकीन जमायचे. बोलावणं नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. एका टोकाला जपानी गाड्या. चार सिलिंडरचं बारकं इंजिन, मागे भला मोठा पंख, सायलेन्सर दुधाच्या किटलीएवढा, आणि मालक सगळे तिशीच्या आतले. दुसऱ्या टोकाला साठ-सत्तर सालच्या अमेरिकन गाड्या, बॉनेट उघडी टाकून, आणि शेजारी घडीच्या खुर्च्यांवर टेक्सासचे म्हातारे. मधल्या तीन-चार जागा रिकाम्या राहायच्या. तिथे कुणी गाडी लावत नसे. तिथे मी उभा असायचो, कारण माझ्याकडे गाडीच नव्हती. ऑफिसला जायलाही मी रूममेटच्या मेहेरबानीवर होतो.

हा रूममेट पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याची चांदीच्या रंगाची जपानी गाडी होती आणि तिला तो दर रविवारी असा पुसायचा की शेजारच्या काकू म्हणायच्या, याचं लग्न करून देऊ नका, बायकोचे हाल होतील. स्वभावाने चांगला होता, पण वाद घालायला बसला की उठायचा नाही.

"एक पॉइंट आठ लिटरमधून एवढी पॉवर काढतात लेका, याला म्हणतात इंजिनिअरिंग!" तो मला गाडीत बसल्यापासून सांगायला लागायचा. "त्यांचं काय आहे? साडेसहा लिटरचा हंडा. ओत पेट्रोल आणि पळव. यात डोकं कुठंय?"

मला पटायचं. मग आम्ही पार्किंगमध्ये उतरायचो आणि टोपीवाला एक म्हातारा त्याला विचारायचा, "तुमच्या गाडीला ओढतात पुढची चाकं, मग मागचा तो पंख कशाला? कपडे वाळत घालायला?"

अरे, हेही खरंच की! मी मनात म्हणायचो. पंख दाबतो मागची चाकं, आणि मागच्या चाकांना तर काही कामच नाही.

"वळणावर ये म्हणावं," रूममेट उसळायचा. "सरळ रस्त्यावर ट्रकसुद्धा पळतो."

हेही बरोबर. माझं डोकं गरगरायला लागायचं. एकदा दोघांनी मलाच मध्ये ओढलं, म्हणाले, तू इंजिनिअर ना, तू सांग. मी म्हणालो, दोघांचंही बरोबर आहे. त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या एका क्षणापुरते तरी ते एका पार्टीचे झाले.

म्हाताऱ्यांच्या त्या रांगेत अगदी शेवटची गाडी गडद हिरवी होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिचे मालक रिफायनरीत जन्मभर वेल्डिंग केलेले, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. मी त्यांना तोंडाने 'सर' म्हणायचो आणि मनात काका. पहिल्याच शनिवारी मी त्यांना आपल्याकडे कुठल्याही गाडीबद्दल पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" आजूबाजूचे म्हातारे खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. रूममेट लांब जाऊन मला ओळखत नसल्यासारखा उभा राहिला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "गॅलनला नऊ मैल. उतार असेल तर दहा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण इथे उतार कुठे आहे?"

तिथेच माझा जीव त्या गाडीवर जडला. का, ते विचारू नका. साधं गणित मांडलं तरी ती गाडी माझ्यासारख्यासाठी चुकीची होती. रूममेटचं सगळं पटूनही दर शनिवारी माझे पाय त्या हिरव्या गाडीकडेच वळायचे, आणि आपण नेमके कुठल्या पार्टीत, या विचाराने मी आठवडाभर चक्रावलेला असायचो.

एका शनिवारी ती नुसती उभी असताना धापा टाकत होती. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरवर वाकले होते आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या डोक्याला काही सापडत नव्हतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मला राहवेना. वडिलांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर मी नागपूरच्या उन्हाळ्यात शंभरदा खोलला असेल. मी म्हणालो, "सर, मी बघू?" स्क्रू पाव फेरा फिरवला. काका मान वाकवून ऐकत होते. "अजून किंचित," म्हणाले. किंचित फिरवला. आणि काय सांगू राजेहो, आठच्या आठ सिलिंडर एका लयीत आले, पायाखालचं डांबर हलल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ते काम माझं झालं. कान त्यांचे, डोळे माझे.

कारण त्यांचे डोळे अधू होत चालले होते. हे सगळ्या पार्किंगला माहीत होतं. घर ते डोनटचं दुकान या दोन गल्ल्या ते सवयीने आणि जीव मुठीत धरून चालवायचे, आणि हेही चूकच आहे असं स्वतःच म्हणायचे. ऑक्टोबरात लायसन्सची मुदत संपणार, नव्या लायसन्ससाठी डोळे तपासणार, आणि त्यात ते पास होणार नाहीत, हे त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. पोटी मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ऑक्टोबरच्या आत गाडी कुणाच्या तरी हाती द्यायची होती. ज्याला त्याला नाही. जो तिला कापून, नवं इंजिन घालून, नारिंगी रंगवणार नाही, अशाच्या. तो माणूस आपण असावं, एवढं एकच मला त्या उन्हाळ्यात हवं होतं. मी ते कुणालाही बोललो नव्हतो. त्यांनाही नाही. असं स्वतःहून तोंड वर करून कसं मागायचं?

मग सप्टेंबरच्या एका शनिवारी त्यांनी किल्ली काढून माझ्यासमोर धरली. "घे. एक चक्कर मारून ये. हायवेच्या पुलापर्यंत जा. मी शेजारी बसतो."

माझा हात पुढे गेला होता. शपथ घेऊन सांगतो, गेला होता. आणि तोंडातून निघालं, "नो, नो, सर. इट्स ओके."

आता याच्यात माझी काय चूक, सांगा! आमच्या घरी मी लहानपणापासून हेच शिकलो. कुणाकडे गेलो आणि पोह्यांची बशी पुढे आली की पहिल्यांदा नको म्हणायचं. यजमानीण म्हणणार, अरे घे रे. पुन्हा नको. मग ती बशी हातातच देणार, मग घ्यायचं. पहिल्याच हाकेला हात पुढे करणारा पोरगा हावरट, आणि घरी आल्यावर आई असे डोळे वटारायची की पुढचे आठ दिवस पोह्यांचं नाव काढायची सोय नसायची. पोह्यांना जर दोनदा नको म्हणायचं, तर माणसाच्या जिवापाड जपलेल्या गाडीला एकदा तरी म्हणायला नको?

ते दुसऱ्यांदा विचारतील याची वाट बघत मी उभा राहिलो. चेहऱ्यावर काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. नागपुरातल्या कुठल्याही मावशीने ते दहा फुटांवरून ओळखलं असतं.

काका म्हणाले, "ऑल राइट." किल्ली खिशात ठेवली आणि टायरबद्दल बोलायला लागले.

मी बावचळून गेलो. हे काय झालं? नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले होते का? की माझी परीक्षा होती? की मी जपानी पार्टीतल्या पुणेकराबरोबर येतो म्हणून त्यांच्या मनात काही आलं? आठवडाभर मी हेच घोकत होतो. ऑफिसात एका पाइपलाइनच्या ड्रॉइंगवर चुकीचं माप टाकलं आणि वरून बॉसचं ऐकून घेतलं.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी हजर. गाडीची काच पुसली. आरसे पुसले. काकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आज हवा मस्त आहे, सर. ड्रायव्हिंगला एकदम छान."

"येप," काका म्हणाले.

झालं. एवढंच. मी ड्रायव्हरच्या दाराला टेकून उभा राहिलो. दाराच्या हँडलवर हात ठेवला. याहून जास्त माणसाने करायचं तरी काय? काकांनी कॉफी संपवली, मान हलवली आणि जपून घरी निघून गेले. मी रिकाम्या जागेत उभा. दोन्हीकडच्या पार्ट्या आपापल्या भांडणात दंग.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी किल्ली माझ्या रूममेटसमोर धरली. माझ्या रूममेटसमोर! जो दोन वर्षं त्या गाड्यांना रणगाडे म्हणत होता. आणि तो पठ्ठ्या म्हणाला, "शुअर!" एक क्षण थांबला नाही हो. दार उघडून आत बसला, काका शेजारी बसले, आणि ती हिरवी गाडी गुरगुरत पार्किंगमधून बाहेर पडली. मी कॉफीचा कप धरून उभा होतो आणि कप माझ्या हातात चेपला.

अर्ध्या तासाने परत आले तेव्हा रूममेटचा चेहरा पाहण्यासारखा होता. वादाचा एक शब्द बोलला नाही. घरी पोचल्यावर सोफ्यावर बसून म्हणाला, "मी ती गाडी घेतोय यार."

"तू?" मी ओरडलो. "तो हंडा? ज्यात डोकं नाही?"

"हो. मला काय झालंय ते मलाच कळत नाहीये. पुलावर जरा पाय दाबला आणि... जाऊ दे, तुला नाही कळायचं. माझी छोटी तू चालव आता. नाहीतरी तुला गाडी हवीच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उन्हाळाभर मी त्या गाडीवर वाकून काय करत होतो हे त्याने दर शनिवारी पाहिलेलं. "ती मला हवी होती!"

तो खरोखर गोंधळला. "मग सांगायचंस ना लेका! त्यांनी तुला आधी विचारलं होतं. तू नको म्हणालास, असं तेच म्हणाले."

"नको म्हणजे काय नको असतं का?"

"पुण्यात असतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "हे बघ, मी त्यांना सांगतो. पण त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलंय रे, आता निवांत झोपेन म्हणून. तूच बोल त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी चालत गेलो. शुगर लँडमध्ये चालणारा माणूस म्हणजे एकतर गाडी बंद पडलेला नाहीतर डोकं फिरलेला. काका गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, गाडी आत होती. माझ्या आवाजावरून ओळखलं, बस म्हणाले. मी बसलो नाही. पोह्यांपासून सगळं सांगितलं. पहिलं नको, दुसरं नको, आईचे डोळे, सगळं. माझ्या इंग्रजीत ते किती पोचत होतं देव जाणे.

शेवटी काका म्हणाले, "मी तुलाच ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाचा विचारही नव्हता. तू नाही म्हणालास तेव्हा वाटलं, तुला माझ्या जुन्या लोखंडाची कीव येत होती, म्हणून एवढे दिवस हात लावत होतास. असं मागे लागणं मला बरं दिसेना."

"पण सर, माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं! मी दोन शनिवार तिथे तसाच उभा होतो. कुणीही ओळखलं असतं."

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली.

"पोरा," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, मला चेहरे दिसत नाहीत. कडेकडेचं दिसतं. समोर माणूस असला की त्याच्या खांद्यावर नुसता एक करडा डाग असतो. तू कसा दिसतोस हेही मला माहीत नाही. तू जे तोंडाने म्हणालास, तेवढंच माझ्यापर्यंत आलं."

मला रडू फुटलं. आवाज न करता, कारण मोठ्या माणसासमोर असं रडणं बरं नव्हे, हेही घरीच शिकवलेलं. गाल ओले झाले, हनुवटीवरून थेंब शर्टावर पडले. ते त्यांनाही दिसत नव्हतं. मी काही बोलतोय का, याची वाट बघत ते तसेच बसून राहिले.