उजवा गाल

आमच्या साडभाऊंइतका गालाला जपणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जपायचे तेही एकच गाल, उजवा. डावा त्यांनी वाऱ्यावर सोडलेला. अकोल्याच्या मे महिन्यात आम्ही कूलरसमोरच्या जागेसाठी भांडायचो, आणि हे गृहस्थ कूलरकडे पाठ करून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून घामाघूम बसायचे. दाढी डावीकडचीच करायचे, उजवीकडे रान माजू द्यायचे. दर्यापूरच्या एसटीत कोणी खिडकी उघडली की अनोळखी माणसालाही हात जोडायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा लागली का गालात करंट मारते, भाऊ." दातांच्या डॉक्टरने दोन दाढा उपटल्या. दाढा धडधाकट निघाल्या आणि करंट जिथल्या तिथे राहिला. मग तर आमची खात्रीच पटली, की हे सगळं नाटक आहे. अर्ध्याच तोंडाची दाढी, म्हणून मी त्यांचं नाव 'आठ आणे' ठेवलं. ते नात्यागोत्यात फार चाललं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

अमरावतीला माझ्या पुतणीचं लग्न होतं. पंगतीत साडभाऊला हाताने घास भरवल्याशिवाय आमच्याकडे आग्रह पुरा होत नाही. ते ताटावर आडवे होत म्हणाले, "मले नका भरवू, भाऊ. पाया पडतो तुमच्या." पंगतीत सगळेच असं म्हणतात. मी त्यांची हनुवटी धरली आणि बुंदीचा लाडू उजव्या गालात कोंबला. ते ओरडले नाहीत. डोळे घट्ट मिटून बसल्या जागी थरथरत राहिले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. पंगत हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. चेहऱ्याच्या नसेवर एक रक्तवाहिनी चढून बसली होती आणि तिच्या ठोक्यागणिक नस घासली जात होती. गोळ्यांवर काही महिने निभले. मग ऑपरेशन करून दोघींच्या मध्ये कापसासारखी बारीक गादी ठेवली, आणि दुखणं थांबलं.

मी माफी मागायला गेलो, तर मला बोलूच देईनात. "जाऊ द्या ना, भाऊ! दुखनं काय दिसते का कोनाले? तुमाले झालं असतं त मी बी हासलो असतो." हे खोटं होतं. ते हसले नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अजूनही मला पाहिलं की "या, भाऊ" म्हणतात, जवळ बसवून घेतात, तासन् तास बोलतात. फक्त सुपारी द्यायला माझा हात पुढे गेला, की त्यांचा चेहरा जरासा मागे सरतो. त्यांना ते कळतही नसावं. मी सुपारी त्यांच्यापुढे सतरंजीवर ठेवतो आणि दुसरीकडे बघतो.