गवयांचे सिनेमे आणि बाबांचं मौन

गाणाऱ्याच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला की आमच्या घरात कुणी तो चांगला की वाईट याची चौकशी करत नसे. जायचं म्हणजे जायचं. मारामारीचे सिनेमे आईला आवडत नसत, प्रेमाचे तिला मुलीसमोर नको असत, पण गवयाचा सिनेमा म्हणजे तिच्या लेखी देवळात जाण्यासारखंच. दरबारी गवई असो, नाटकातला गायकनट असो, नाही तर डफ घेऊन गावोगाव फिरणारा शाहीर, पडद्यावर कुणी तंबोरा जुळवायला घेतला की आई खुर्चीत सावरून बसायची. मला हे सिनेमे अजून आवडतात. किती खोटे असतात ते ठाऊक असून आवडतात.

त्यांची गोष्ट ठरलेली असते. गरीब घरातलं पोर, आधी हाकलून देणारा आणि मग पोटाशी धरणारा गुरू, नाव झालं की आतल्या आत जळणारा कुणी जवळचा माणूस, मग आवाज जाणं, आणि शेवटच्या रिळात देवापुढे तो आवाज परत येणं. आवाज परत आला की अख्ख्या टॉकीजमध्ये नाकं ओढली जायची. त्यातलं एक नाक माझं असायचं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नसे.

आम्ही तेव्हा प्रताप नगरात राहायचो. घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त, असे ते दिवस. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत त्यांना कुणी फार मोजत असेल असं मला वाटत नाही, पण गुरुवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत भजन असायचं आणि बाबांनी सूर लावला की रस्त्याने जाणारे लोक सायकलवरून खाली उतरायचे. खरंच उतरायचे, मुलगी म्हणून सांगत नाही. पेटीवर त्यांचे शाळेपासूनचे दोस्त बसायचे. ते गांधीबागेच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. आम्ही त्यांना पेटीकाका म्हणायचो. दुकानातून येताना ते बाबांसाठी एक पान बांधून आणायचे. ते पान तोंडात गेल्याशिवाय बाबांचा गळा उघडत नसे, आणि दुसऱ्या कुणी आणलेलं पान त्यांना चालत नसे. आई या लाडांवर हसायची.

एकदा दिवाळीनंतर बर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळच्या खेळाला एका गायकनटाच्या आयुष्यावरचा जुना सिनेमा लागला. आम्ही तिघं आणि पेटीकाका असे चौघं गेलो. बाबांना सिनेमात गप्प बसणं जमत नसे. पडद्यावरचा नट गायला लागला की हेही हळूच गायचे, आणि नट जिथे चुकला असं त्यांना वाटे तिथे दुरुस्त करून गायचे. मागच्या रांगेतून एकाने ओरडून तिकिटाचे पैसे परत मागितले. पेटीकाकांनी वळून त्याला सांगितलं की तू फुकटात दोन गवई ऐकतो आहेस, तर वरचे पैसे तूच दे. तो माणूस हसला आणि बाबा गात राहिले.

या सिनेमात गायकाचा आवाज कसा जातो, तर त्याचाच साथीदार त्याला पानातून शेंदूर खाऊ घालतो. शेंदूर पोटात गेला की गळा कायमचा बसतो, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं. तो साथीदार गोड हसत पान पुढे करतो, तेव्हा बायका मोठ्याने चुकचुकल्या. आईही चुकचुकली. परत येताना रिक्षात बाबा आणि पेटीकाका गाण्यांवर वाद घालत होते. आई मात्र पेटीकाकांकडे बघत होती.

थंडी पडली आणि बाबांचा आवाज बसला. आधी आम्ही हळददूध, मग ज्येष्ठमध, मग गरम पाण्याच्या गुळण्या असं सगळं केलं. आवाज सुधारण्याऐवजी गेलाच. शेवटी रामदासपेठेतल्या एका गळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरशाने आत पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. भिण्यासारखं काही नाही, फार ताणून गायल्याने होतं. पण दोन महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पथ्य मोडलं तर गाणं परत येईल याची खात्री मी देणार नाही, असं ते स्पष्ट बोलले. बाबांनी मान डोलावली आणि तिथूनच मौन धरलं. घरी एक पाटी-पेन्सिल आणली. पण ते तीही फारशी वापरत नसत. गाणं नाही तर बोलायचं तरी कशाला, असा त्यांचा चेहरा असायचा. त्यांना असं पाहणं मला सहन होत नसे.

आईने डॉक्टरांचं ऐकलं, पण मानलं नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "डॉक्टरले गाठ दिसली. काहून झाली, ते त्याले कसं दिसन?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं जुळवून दाखवलं. पेटीकाकांनाही गायची हौस होती. मंडळी गाण्याची फर्माईश नेहमी बाबांकडे करायची, आणि पेटीकाका मान खाली घालून साथ द्यायचे. इतक्या वर्षांत यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. तो सिनेमा पाहिल्यावर आईला दिसलं. मी तिला वेड्यात काढलं, भांडले, पण नवऱ्याच्या गळ्यापुढे ती माझं काय ऐकणार?

पुढच्या गुरुवारी पेटीकाका नेहमीसारखे पान घेऊन आले. दोस्ताला गाता येत नाही तर निदान पान तरी खाऊ दे, एवढाच त्यांचा हिशेब. बाबा मागे विहिरीवर हातपाय धूत होते. आईने दारातच पान घेतलं आणि त्यांच्यासमोर उघडलं. आत लाल रंगाचा खोबऱ्याचा कीस होता, पानवाले सगळ्याच पानांत घालतात तसा. आईने तो बोटाने चोळून पाहिला. बोट लाल झालं.

"भाऊजी, आता पान नका आणू," ती म्हणाली. "त्यायच्या गळ्याले काय झालं ते मले समजलं."

पेटीकाकांनी तो सिनेमा आमच्या शेजारी बसूनच पाहिला होता. त्यांना दुसरं काही विचारायची गरज पडली नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, मग आत पाहिलं, बाबा येतात का म्हणून. बाबा आले नाहीत, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. पेटीकाका सायकल वळवून निघून गेले.

मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आईला पाटीवर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पेन्सिल तुटून जमिनीवर पडलेली मात्र पाहिली. आई भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांना वाटलं, दोस्त आहे, राग ओसरला की येईल. पेटीकाका पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मंडळी येऊन दुसऱ्याला पेटीवर बसवायची आणि काहीतरी गाऊन जायची. बाबा कोपऱ्यात बसून दाराकडे बघत राहायचे. एव्हाना मला पक्कं कळलं होतं की त्यांना आवाजापेक्षा तो माणूस परत हवा आहे.

संक्रांत आली. बाबांनी तिळगुळाचा डबा उचलला, मला चपला घालायची खूण केली आणि आम्ही गांधीबागेत गेलो. मला न्यायचं कारण उघड होतं, ते बोलू शकत नव्हते. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. आईच्या वतीने माफी कशी मागायची, कुठून सुरुवात करायची.

दुकानात गर्दी नुकतीच ओसरली होती. पेटीकाका उलगडलेले तागे गुंडाळत होते. मला त्यांनी "ये बाई" म्हटलं. बाबांना काही म्हटलं नाही. बाबांनी गादीच्या कडेला डबा ठेवला. पेटीकाकांनी एक तागा उचलला आणि फळीवर ठेवायला पाठ फिरवली. पाठ तशीच ठेवून बोलले.

"वहिनीचं मले काही वाटलं नाही. सिनेमा पाहिला, डोक्यात बसलं. पण तू घरातच होता ना गा? तुले बी तसंच वाटते काय?"

बाबांनी मान हलवली. जोरात हलवली. पण पेटीकाका फळीकडे बघत होते. पाटी माझ्या पिशवीत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"नाही गा," बाबा म्हणाले.

तो आवाज मी ओळखलाच नसता. गंजलेली कडी सरकावी तसा निघाला. पेटीकाका असे वळले की हातातला तागा खाली सुटून गेला. त्यांनी पुढे येऊन बाबांच्या तोंडावर हातच दाबला.

"बोलू नको, येड्या. बोलू नको," ते म्हणत होते, आणि रडत होते. गिऱ्हाईक असलेल्या दोन बायका बघत होत्या. मग त्यांनी डब्यातला तिळगूळ काढून बाबांच्या तोंडात घातला. मीही रडत होते.

त्या गुरुवारी ते घरी आले. आई बाहेर आली आणि म्हणाली, "माझं चुकलं भाऊजी." ते म्हणाले, "सिनेमाच तसा होता वहिनी." आई हसली आणि हसता हसताच डोळे पुसत आत गेली.

मौनाचे दोन महिने संपले तेव्हा डॉक्टरांनी पाहिलं. गाठी बऱ्याच विरल्या होत्या, पण आवाज पहिल्यासारखा होईल असं वाटत नाही, म्हणाले. मी हळूच विचारलं की मध्ये दोन शब्द बोलले होते, त्याने झालं असेल का. दोन शब्दांनी असं काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईने तेही कधी मानलं नाही. ते दोन शब्द बोलायची वेळ आपण आणली, हे तिने जन्मभर मनात ठेवलं.

बाबा पुन्हा गायला बसले तेव्हा बैठक भरली होती. सगळ्यांना शेवटचं रीळ बघायचं होतं, मलासुद्धा. बाबांनी नेहमीच्या पट्टीत सूर लावला. वर जाताना आवाज फाटला आणि ते थांबले. पेटीकाकांनी कुणाकडे न बघता बोटं खाली सरकवली आणि खालची पट्टी धरली. बाबांनी पुन्हा लावला, पुन्हा फाटला. पेटीकाका आणखी खाली आले. तेव्हा कुठे आवाज न फाटता लागला. खरबरीत, जाड, कुठलाही सिनेमावाला घेणार नाही असा. बाबांनी त्या आवाजात भजन पूर्ण म्हटलं.

"इथं बरं वाटते गा," ते म्हणाले.

"मंग इथंच राहू," पेटीकाका म्हणाले, आणि त्यांनी पुढचं भजन त्याच सुरात सुरू केलं.