बिनसंवादाचा दगड

गावाकडे त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. तो माइकवाला. लग्न असो, निरोप समारंभ असो, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो, माइक ह्याच्याच हातात. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला तर हा तासभर एकटा किल्ला लढवायचा, आणि पाहुणे आले की लोकांना जरा वाईटच वाटायचं.

परदेशात येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात कामावर त्याने मोजून सहा शब्द वापरले होते. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, चादरींना इस्त्री करणाऱ्या लांबलचक यंत्राच्या तोंडाशी तो उभा असे. ओली चादर दोन टोकांना धरायची, झटकायची, रुळांत सोडायची, की पुढची. पलीकडे घड्या घालणाऱ्या बाई अधूनमधून काहीतरी विचारायच्या आणि हा मान डोलवायचा. त्यावर बाई कधी हसायच्या, कधी भडकायच्या. प्रश्न काय होता ते त्यावरून ओळखायचं. इथली भाषा शिकवणारे वर्ग होते, फुकट होते. पण तिथे मोठ्या माणसांना ‘हे सफरचंद आहे’ असं म्हणायला लावतात हे ऐकल्यावर गड्याने त्या रस्त्यानेच जायचं सोडलं.

दिवसभर तुंबलेलं सगळं मग संध्याकाळी घरी वाहायचं. घर दोन खोल्यांचं आणि श्रोतेही दोनच. बायको बेकरीत पाव बांधायच्या कामाला होती, तिथे ऐकून ऐकून तिला इथली भाषा कळू लागली होती; ती भाजी चिरता चिरता हं हं करायची. आठ वर्षांची लेक मान खाली घालून जेवायची. अलीकडे ती फारच अबोल झाली होती. शाळेत काय झालं विचारलं की ‘काही नाही’, आणि संपलं. चांगली चिवचिवणारी पोर आपण इथे आणून मुकी केली, असं माइकवाल्याने मनाशी धरलं होतं. तो कुणाजवळ बोलला नाही अशी आयुष्यातली ही एकच गोष्ट.

अशात शाळेची चिठ्ठी आली. सुट्टी लागण्याआधी मुलांचं नाटक आहे, पालकांनी यावं. लेकीला दगडाचं काम मिळालं होतं.

“संवाद किती आहेत?” त्याने विचारलं.

“दगडाला संवाद नसतात, बाबा.”

झालं. भाषा येत नाही म्हणून पोरीला गप्प बसवलं, असा त्याने ग्रह करून घेतला. कुणीतरी दगड व्हायलाच लागतं हो, असं बायकोने परोपरीने सांगितलं, पण व्यर्थ. त्याच्या शाळेत वेशभूषा स्पर्धेला भेंडी होऊन आलेलं पोरसुद्धा स्वतःतली जीवनसत्त्वं सांगितल्याशिवाय स्टेज सोडत नसे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, गंजलेली सायकल, सगळ्यांनी परीक्षेच्या पेपरात आपापलं मनोगत मांडलेलं. मग दगडानेच काय कुणाचं घोडं मारलं होतं? रविवारी त्याने बैठक मारून दगडाचं आत्मवृत्त लिहून काढलं. ‘मी दगड बोलतोय. ऊन, वारा, पाऊस सोसत मी युगानुयुगे इथे पडून आहे.’ अशी बारा वाक्यं, आणि तीही शुद्ध मराठीत. नाटक संपत आलं की लेकीने उठायचं, हे म्हणायचं आणि नमस्कार करायचा, असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं. अहो, पण समजणार कुणाला, असं बायकोने विचारलं, तर म्हणे आधी आवाज पोचला पाहिजे, अर्थाचं नंतर बघू. लेकीने तीन दिवसांत सगळं पाठ करून दाखवलं, एकही चूक न करता आणि एकदाही वर न बघता.

नाटकाच्या दिवशी त्याने पाळी बदलून घेतली आणि नवराबायको तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. त्याने मोबाइल सरसावून धरला. पडदा उघडला. रानातला देखावा होता आणि मधोमध करड्या कापडात गुंडाळलेली लेक. सहा आठवडे तालमी झाल्या होत्या आणि सगळं नाटक तिच्या भोवतीच घडत होतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एक वाटसरू आला, दगडाला टेकून बसला, त्याने तोंड उघडलं, आणि पुढे काहीच येईना. पोराचा चेहरा रडवेला झाला.

तेवढ्यात दगड बोलला.

आवाज खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, बापाचाच. शब्द मात्र एकही बापाच्या ओळखीचा नाही. वाटसरूने घाईघाईने तेच वाक्य म्हटलं. दगडाने पुढचंही सांगितलं. कोल्हा भलत्या बाजूने आला, तर दगडाने त्याला दटावून परत पाठवलं. मग दगडाने डोकं बाहेर काढून प्रेक्षकांनाच काहीतरी सुनावलं आणि सगळे खो खो हसत सुटले.

पोरीचं हसं झालं असं वाटून माइकवाला अर्धवट उठला. बायकोने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. ती स्वतः डोळे पुसत हसत होती.

“काय म्हणाली ती?”

“थांबा ना, ऐकू द्या.”

नाटक संपलं. दगडाने इतरांबरोबर वाकून अभिवादन केलं आणि आत्मवृत्ताचं अवाक्षरही न काढता तो आत गेला.

बाहेर वर्गशिक्षिका स्वतःहून भेटायला आल्या आणि बराच वेळ बोलल्या. माइकवाल्याने सवयीने मान डोलावली. काय म्हणतात असं लेकीला विचारलं, तर ती बुटांकडे बघत म्हणाली, “म्हणतात, छान केलं.”

“असं काही म्हणत नाहीयेत त्या,” बायको म्हणाली. “ही वर्गात अखंड बडबडते, कुणाला अभ्यास करू देत नाही, म्हणतात. तासभर तरी तोंड मिटून बसेल म्हणून हिला मुद्दाम दगड केला होता. आणि त्या विचारतायत, ही घरीही अशीच बोलते का?”

तीनशे माणसांसमोर न अडखळणारा माणूस खिशातला मोबाइल चाचपू लागला.

“घरी तर बाबाच बोलतो,” लेक म्हणाली, आणि शिक्षिकेला तिने तेच त्यांच्या भाषेत सांगितलं.

बसथांब्याकडे जाताना माइकवाल्याने तोंडाशी आलेली तीन वाक्यं गिळली. हे त्याला फार जड गेलं. पोर मुकी नाही याचा आनंद होता, आणि आपल्याला ती ऐकूच आली नव्हती हे टोचत होतं. दुसऱ्या वळणावर लेकीने त्याचं बोट धरलं आणि कोल्ह्याची गंमत सांगायला सुरुवात केली. मधेच एका शब्दावर ती अडली. मराठी शब्द आठवेना. त्याला तो येत होता, अगदी ओठांवर होता. त्याने तो तिथेच ठेवला. तिने इथलाच शब्द वापरला आणि सांगत राहिली.